मास्तरांची जीभ

"मास्तर, सोलापुरात उतरलोय, कुठं जेवू?" असा फोन मुजीब मास्तरांना दिवसाआड तरी यायचाच. कधी बार्शीहून, कधी लातूरहून, आणि एकदा तर थेट हैदराबादेहून. तो माणूस कोण होता ते मास्तरांना आजतागायत कळलेलं नाही. पण मास्तर कोण, कुठला, असलं विचारायचेच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "भूक कसली हाय? तिखटाची का नुसती पोटाची?" मग ते सांगायला लागायचे. स्टँडच्या मागल्या बोळात जा, निळा दरवाजा दिसंल, पुढं पाटी न्हाय, आत जाऊन बस, काय देऊ म्हणला तर काय ताजं हाय ते इचार. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

मास्तर एकतीस वर्षं धाराशिव डेपोत कंडक्टर होते. आपल्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात, आणि ह्या मास्तरांनी तिकिटं फाडता फाडता अर्ध्या महाराष्ट्राची चव घेतली होती. त्यांच्या जिभेचा दराराच तसा. मास्तर पायरी चढताना दिसले की आचारी गल्ल्यावरच्या मालकाला म्हणायचा, थांबा जरा, परत एक फोडणी देतो. मास्तरांनी पहिला घास घेतला आणि नुसती मान हलवली तरी त्या हॉटेलाचं वर्ष चांगलं जायचं. रिटायर झाल्यावर पेन्शन आली, गुडघे दुखायला लागले, पण मान काही कमी झाला नाही. खोटं कशाला बोला, मास्तरांना त्याचा माजही होता थोडा.

आणि गेल्या थंडीत ताप आला. चार दिवसांचा साधा ताप. तो उतरला, आणि जाताना मास्तरांचा वास आणि चव दोन्ही घेऊन गेला.

आधी वाटलं, येईल आठवड्यात. मग वाटलं, महिन्यात येईल. आठ महिने झाले. चहा म्हणजे गरम पाणी, मटण म्हणजे चावायचं काहीतरी. आंबा खाल्ला तेव्हा तर मास्तर मोरीत जाऊन उभे राहिले, कुणी तोंड बघू नये म्हणून. पण सांगितलं कुणालाच नाही. डॉक्टरला नाही, बायकोला, शाहिस्ताबीला, नाही. गवय्याचा गळा गेला तर तो सांगत फिरतो का? फोन यायचे, मास्तर आठवणीतून उत्तरं द्यायचे, आणि फोन ठेवला की विचार करत बसायचे. ज्या आचाऱ्याच्या भरवशावर माणूस पाठवला तो अजून तिथं आहे की गेला, काय ठाऊक? हे उघडं पडलं तर मुजीब मास्तर म्हणजे काय उरतो? गुडघे दुखणारा एक म्हातारा. बस्स.

अशात अक्षदा घरी आली. गल्लीतल्या शिक्षकाची पोरगी, जनावरांची डॉक्टर झालेली, मास्तरांच्या मांडीवर बसून बुंदी खाऊन मोठी झालेली.

"चाचा, एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला जमणार नाही," ती म्हणाली.

काम असं, की ग्रीस देशातून एलेनी नावाची एक बाई आली होती. तिकडं शेळ्यांवर संशोधन करते, इकडची आपली उस्मानाबादी शेळी बघायला आली. अक्षदा तिला गावोगाव फिरवत होती. पाच दिवस झाले, दोन राहिले. बाई स्वभावानं चांगली, पण रोज उपाशी. लॉजवाल्यानं फॉरेनची पाहुणी म्हणून तिला सकाळी ब्रेड-जाम आणि संध्याकाळी लालभडक मंचूरियन द्यायचा सपाटा लावला होता. अक्षदा जिथं नेईल तिथंही तेच. परकी बाई बघितली की वेटर आधी तिखट काढून टाकायचा, मग चव काढून टाकायचा, आणि उरलेलं पुढ्यात ठेवायचा.

"काल ती मला म्हणाली, तुमच्या शेळ्या इतक्या सुंदर, मग जेवण असं का? चाचा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच परत गेली तर तिकडं जाऊन काय सांगेल, धाराशिवला खायला मिळत नाही?"

आता ह्यावर मुजीब मास्तर नाही म्हणतील होय? जीभ गेल्याचं आठवायच्या आत तोंडातून गेलं, "उद्या दुपारी गाडी काढ. येडशीच्या रस्त्याला नेतो तिला."

येडशीच्या अलीकडं एक ढाबा होता. तिथला मटणाचा रस्सा मास्तरांनी वीस वर्षं वाखाणला होता. तिघं जाऊन बसले. एलेनी उंच, पन्नाशीची, पिकल्या केसांची, हातावर शेळ्यांनी ओरबाडल्याच्या रेघा. तिनं हात जोडून "नमस्कार, मास्तर" म्हटलं तेव्हा मास्तर खूश झाले. रस्सा आला. वाफ निघत होती, वर तर्री होती. मास्तरांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि नेहमीसारखी मान डोलावली.

"वा! ह्याला म्हणतात चुलीवरचं. धूर बघ कसा मुरलाय आत!"

मास्तरांनी डोळे उघडले. एलेनी भाकरीचा कोरडा तुकडा चावत होती. अक्षदा त्यांच्याकडं बघत होती.

"चाचा," ती हळूच म्हणाली, "करपलंय हो. तळाला लागलंय. दारातनंच वास येतोय."

मास्तरांनी वाटी खाली ठेवली आणि ते संतापले. राग खरा स्वतःवरचा, निघाला पोरीवर. "तू मला शिकवतीस? कालची पोर! तुला करपलेलं आन् धुरातलं कळतं का?" शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. ढाब्याचा मालक धावत आला, म्हणाला, "माफ करा मास्तर, जुना आचारी गेला गावाकडं, नवा जरा कच्चा हाय, खरंच लागलंय तळाला." संपलं. मास्तर उठले आणि गाडीत जाऊन बसले. परत आल्यावर उतरताना एलेनीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते मास्तरांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

घरी शाहिस्ताबी मेथी निवडत बसली होती. मास्तर समोर बसले आणि म्हणाले, "उद्या अक्षदाचा फोन आला तर सांग, कंबर धरली म्हणून."

"का?"

"का म्हणजे? धरली म्हणून!"

शाहिस्ताबीनं मेथीची एक काडी बाजूला टाकली. "अजी, ओरडू नका. जिभेचं कळलं का तिला?"

"तुला कुणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"म्या आठ महिन्यांपासनं वळखते," ती म्हणाली. "ताप उतरल्यावर तिसऱ्या दिशी चहात साखर विसरले, तुमी भुरके मारून पिला. मंग म्या मुद्दाम तीन दिस दाळीत मीठच घातलं न्हाय. तिसऱ्या दिशी तुमी काय म्हणलात? 'शाहिस्ता, आज हात लई चांगला लागला.'"

"आन् तू गप बसलीस?"

"तुमी झाकलं, म्या का उघडं पाडू? झाकली मूठ सव्वा लाखाची. एकटीच रडले दोन येळा. लई खाणारा माणूस माझा, त्याच्यावर ही पाळी यावी म्हणून."

मास्तरांचा एवढ्या वेळचा राग कुठल्या कुठं गेला. "संपलं गं सगळं," ते म्हणाले. "जीभच गेली. आता म्या काय सांगणार लोकांना?"

तेव्हा शाहिस्ताबी चिडली. ती चिडली की मेथी भराभर निवडते. "जीभ, जीभ, जीभ! रमजानचे तीस रोजे म्या ठेवते. दुपारपासनं चुलीम्होरं असते. तोंडात थेंब न्हाय का कण न्हाय. जिभेच्या टोकाला लावून थुंकायची मुभा हाय म्हणतात काहीजण, पर माझ्या अम्मीनं कवा लावलं न्हाय, म्याबी लावत न्हाय. बत्तीस रमजान झाले ह्या घरात. सांगा, कवा खारट झालं? कवा आळणी झालं?"

मास्तर आठवायला लागले. बत्तीस वर्षांचे इफ्तार. खिमा, दालचा, खीर. एकदाही नाही. आणि जिल्ह्यातल्या यच्चयावत आचाऱ्यांना तोलून बसलेल्या ह्या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, न चाखता तू हे करतेस कसं?

ते आज विचारलं.

"हाताला कळतंय," ती म्हणाली. "मिठाची चिमूट बोटाला जड लागती का हलकी. कडेनं तेल सुटलं का. उकळी जाड हाय का पातळ. आन् राहिलं ते खाणाऱ्याच्या तोंडावर दिसतंय. तुमी पयला घास घेतला की म्या तुमच्या भुवईकडं बघते. तिखट जास्त झालं की डावी वर जाती. मीठ कमी पडलं की तुमी घास जरा जास्त येळ चावता. सगळं बराबर असलं की तुमी बोलायचं थांबता. म्या बत्तीस वर्सं तुमच्या तोंडावर चव बघत आले, अजी. तुमाला डोळे न्हायत का?"

मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ मोठे आचारी बघितले होते. शंभर माणसांचं जेवण एका हाती उतरवणारे बघितले होते. पण असा उस्ताद आपल्या घरात आहे आणि मेथी निवडतो आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. ते तिच्याकडं नुसते बघत बसले. "काय बघताय?" म्हणून तिनं त्यांच्या मांडीवर निम्मी मेथी टाकली.

सकाळी अक्षदाचा फोन आला. तिनं भीत भीतच विचारलं, आज भूमचा बाजार आहे, एलेनीला शेळ्यांचा बाजार बघायचाय, चाचा येतील का? मास्तरांनी तोंड उघडायच्या आत शाहिस्ताबीनं फोन हिसकून घेतला आणि "येतायत ते" म्हणून ठेवून दिला.

भूमचा बाजार भरात होता. एलेनी शेळ्यांत शिरली ती शिरलीच. दात बघ, कास बघ, कान उलटून बघ. शेळीवाले आधी हसले, मग तिचा हात बघून गप्प झाले, आणि शेवटी आपापल्या शेळ्या तिच्यापुढं आणून उभ्या करायला लागले. दीड वाजता अक्षदा म्हणाली, "चाचा, आता पोटाचं काहीतरी बघा. ती दमलीय." मग जरा थांबून म्हणाली, "कुठंही चालेल."

हे 'कुठंही चालेल' मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. ते बाजारातून चालायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकामागं न जाता डोळ्यांमागं गेले.

पहिल्या हॉटेलापुढं गर्दी होती, पण बसलेली माणसं फोनमध्ये डोकं घालून एका हातानं खात होती. मास्तर पुढं गेले. दुसरीकडं भजी तळलेली दिसत होती, पण तळणारा सकाळचीच भजी परत कढईत सोडत होता. पुढं. तिसरीकडं मालक दारात उभा राहून या या म्हणत होता, आणि त्याचा आचारी मागं बसून घरचा डबा खात होता. मास्तरांनी अक्षदाला कोपरानं ढोसलं आणि ते दाखवलं. ती हसली.

बाजाराच्या टोकाला लिंबाखाली एक ताडपत्री बांधलेली होती. तीन दगडांवर मोठं पातेलं, शेजारी तवा, आणि मागं एक साठीची बाई हुलग्याच्या पिठाचे गोळे तळहातावर वळून शेंगोळे करत होती, बोटाएवढे, सगळे एकसारखे. वळायचे आणि उकळत्या रश्श्यात सोडायचे. पुढं पोत्यावर सात-आठ माणसं बसलेली, बहुतेक मेंढरंवाले. मास्तर थांबले. इथं कुणी बोलत नव्हतं. मोठ्यानं भांडत आलेले दोघं ताट पुढ्यात आल्याबरोबर गप्प झाले. एकानं वाटी तोंडाला लावून शेवटचा थेंब ओढला आणि मग वाटीकडं बघत बसला. एक म्हातारा घरून भाकरी बांधून घेऊन आला होता आणि नुसता रस्सा घेत होता. घरची भाकरी हातात असून माणूस इथं येऊन बसतो, ह्याला काही अर्थ असतो.

"हितं," मास्तर म्हणाले. "हितंच बसायचं."

बाईनं वर बघितलं आणि तिचे हात थांबले. "मास्तर! भूम-परांडा गाडीवरचं मुजीब मास्तर न्हाय का तुमी? आगं बया! मला नागूबाई म्हणत्यात, सोनारीची हाय म्या. तुमच्या गाडीनं म्या लेकराला दवाखान्यात न्यायचे." तिनं घाईघाईनं पदरानं पोतं झटकलं. "लई बरं झालं आलात. माझा आज भैरोबाचा उपास हाय. सून चाखती एरवी, ती आज आली न्हाय. सकाळपासनं म्या आंधळ्यावानी रांधतीय. तुमी एक घोट घ्या आन् मीठ बघून सांगा. तुमच्या जिभेपुढं कुणाचं काय चालतंय!"

आणि तिनं वाटी पुढं केली.

पोत्यावरची माणसं खायची थांबली. मुजीब मास्तर स्वतः येऊन आपल्या जेवणाला मार्क देणार म्हणजे काय साधी गोष्ट? अक्षदानं मान खाली घातली. मास्तरांनी वाटी घेतली. गरम होती, एवढंच कळत होतं. 'वा!' म्हणायचं आणि मान डोलवायची, झालं. कुणाला कळणार होतं? पण समोर ती बाई उपाशीपोटी उभी होती, आणि खरं ऐकायला उभी होती.

"नागूबाई," मास्तर म्हणाले, आणि आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "मला चव कळत न्हाय. वासबी येत न्हाय. आठ महिने झाले. आजपतोर कुणाला सांगितलं न्हाय."

"आरं तिच्या!" एक मेंढरंवाला म्हणाला.

"पर मीठ कमी हाय," मास्तर म्हणाले.

"आँ? चव कळंना आन् मीठ कमी कसं कळलं?"

"हे तिघं बघा. दर घासाला ठेच्याला बोट लावतायत, आन् ठेचा संपला म्हणून परत मागतायत. तिखट पुरतंय त्यांना, नाकाला पाणी आलंय बघा. त्यांना ठेच्यातलं मीठ पायजे. आन् हे आजोबा प्रत्येक घास लई येळ चावतायत. बाकी तुमचं सगळं झ्याक हाय. इथं आल्यावर माणसं बोलायची थांबतात, बाई. तसलं जेवण म्या एकतीस वर्सांत दहा ठिकाणी बघितलं असंल."

नागूबाईनं कमरेवर हात ठेवले आणि त्या तिघांकडं वळली. "का रं बलभीम? मीठ कमी हाय का?"

बलभीम नावाचा तो गडी चुळबुळला. "हाय जरा, मावशी."

"मंग तोंड शिवलंय का तुझं, मुडद्या? सांगायला काय झालं?"

"कसं सांगावं?" तो म्हणाला. "तू उपाशीपोटी रांधतीस आन् आमी बसून नावं ठिवायची व्हय?"

नागूबाईनं चिमूटभर मीठ उचललं, बोटांत जोखलं, अजून थोडं घेतलं आणि पातेल्यात सोडलं. रश्श्याला एक उकळी फुटू दिली. मग पहिलं ताट एलेनीपुढं ठेवलं. तिखट कमी केलं नाही, काही नाही. बाजाराला येणाऱ्या सगळ्यांना देते तेच, तसंच.

मास्तर एलेनीच्या तोंडाकडं बघत बसले. तिनं शेंगोळा बोटानं उचलला, उलटसुलट करून वळण बघितलं, तोंडात टाकला. एक घास. दुसरा. ती अक्षदाशी काहीतरी बोलत होती ते अर्ध्यावरच थांबलं. मग डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं तरी हात थांबेना. तिसरी भाकरी तिनं बोटं दाखवून मागून घेतली. मास्तरांना चव कळली नाही, वास आला नाही, पण छाती अशी भरून आली की त्यांना वर लिंबाकडं बघावं लागलं.

जेवण झाल्यावर एलेनी बोलली ते अक्षदानं सांगितलं, "चाचा, ती म्हणते, आठवडाभर मी ह्या मुलखात फिरतेय, पण पोहोचले आज. आणि विचारते, चव नसताना तुम्ही असं बघायला कुणाकडून शिकलात?"

"माझ्या बायकोकडनं," मास्तर म्हणाले. "कालच शिकलो." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, तीस रोजे, मिठाची चिमूट, भुवई, सगळं. सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटली नाही, शाहिस्ताबीचा अभिमान वाटला. नागूबाई मधेच म्हणाली, "आगं बाई, तीबी माझ्यावानीच की!" आणि तिला कोण आनंद झाला.

एलेनीनं अजून एक विचारलं. अगदी साधंच. अक्षदा म्हणाली, "ती विचारते, चाचींना कुठलं जेवण आवडतं? तुम्ही सांगितलेल्या जागांतली त्यांची आवडती कुठली?"

मास्तर एकेक जागा बोटांवर मोजायला लागले, आणि मधेच थांबले.

अख्ख्या दुनियेला त्यांनी जेवायला पाठवलं होतं. नावगाव माहीत नसलेल्या माणसांना बोळ सांगितले, दरवाजे सांगितले. घरी येऊन कुठल्या गावाला काय खाल्लं ते रंगवून रंगवून शाहिस्ताबीला ऐकवलं होतं, आणि ती पोळ्या लाटता लाटता ऐकत राहिली होती. तिला बरोबर मात्र त्यांनी एकदाही, कुठल्याही जागी नेलं नव्हतं. डोक्यातच आलं नव्हतं. बाहेरचं जेवण आपण खायचं आणि घरी येऊन सांगायचं, एवढंच त्यांना माहीत.

मास्तर उठून लिंबाच्या पलीकडं गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं?" शाहिस्ताबीचा आवाज घाबरा झाला. "जमलं न्हाय का?"

"जमलं. ते सांगतो मागनं. पुढच्या बाजाराला तू माझ्यासंगं भूमला यायचं."

"म्या? बाजारात माझं काय काम?"

"काम न्हाय. बसायचं आन् जेवायचं. दुसरी बाई वाढंल. शेंगोळे हायत हुलग्याचे. चव मला तू सांगायची."

फोन कट झाला की काय म्हणून मास्तरांनी कानापासून काढून बघितला. चालू होता. मग शाहिस्ताबीचा आवाज आला, बारीक, लग्नाच्या वर्षी होता तसा.

"अजी," ती म्हणाली, "काय घालून येऊ?"